नगराध्यक्षांचा आठवडा

नगराध्यक्ष हे गावाचे प्रथम नागरिक, असे समारंभांतून नेहमी म्हटले जाते. हा मान लोकांनी दिलेला आहे. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ हा मात्र मानाच्या नव्हे, कामाच्या भाषेत बोलतो. सभांचे अध्यक्षस्थान भूषविणे, परिषदेच्या आर्थिक व कार्यकारी प्रशासनावर लक्ष ठेवणे आणि अधिकारी-कर्मचाऱ्यांच्या कामावर देखरेख करणे, ही नगराध्यक्षांची मुख्य कर्तव्ये या अधिनियमाने सांगितली आहेत. 'लक्ष' आणि 'देखरेख' हे दोन शब्द येथे महत्त्वाचे आहेत. खुर्चीत बसून दिसतो तो अहवाल. गटार दिसत नाही. म्हणून ज्या नगराध्यक्षांना आपले काम समजले, त्यांच्या आठवड्याचा मोठा भाग कार्यालयाबाहेर जातो. या साप्ताहिक फेरीत नेमके काय पाहावे, कोणाला काय सांगावे आणि कोठे थांबावे, याचा विचार करणे लोकप्रतिनिधींना, तसेच त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या अधिकाऱ्यांना व शिक्षकांनाही उपयुक्त ठरेल.

प्रथम अधिकारांची विभागणी स्पष्ट असावयास हवी. धोरण ठरविते ती सर्वसाधारण सभा. ठरावांची अंमलबजावणी करतात ते शासनाने नियुक्त केलेले मुख्याधिकारी. स्थायी समिती आणि बांधकाम, पाणीपुरवठा, आरोग्य, शिक्षण, महिला व बालकल्याण अशा विषय समित्या आपापली क्षेत्रे सांभाळतात. स्थायी समितीचे पदसिद्ध सभापती नगराध्यक्षच असतात. या व्यवस्थेत नगराध्यक्षांनी रस्त्यात उभे राहून सफाई कामगाराला परस्पर हुकूम दिला, तर लोकांना तो क्षणभर आवडतो. परंतु त्या कामगाराला दोन मालक निर्माण होतात आणि पुढील आठवड्यात एकाचेही काम नीट होत नाही. फेरीत आढळलेली गोष्ट टिपून घ्यावी आणि ती मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी पाठवावी, हाच योग्य मार्ग होय. पूर, आग, साथ अशा आणीबाणीच्या प्रसंगी मात्र तातडीने काम करवून घेण्याचा वा थांबविण्याचा अधिकार अधिनियमाने नगराध्यक्षांना दिलेला आहे. त्याचा अहवाल नंतर द्यावा लागतो.

आठवड्यातील सर्वांत महत्त्वाची फेरी पहाटेची, पाण्याची. बहुतेक लहान शहरांत नळाला पाणी ठरावीक वेळीच येते. काही ठिकाणी एक दिवसाआड, तर उन्हाळ्यात त्याहूनही विरळ. मलनिस्सारणाची सोय असलेल्या शहरांसाठी दरडोई दररोज १३५ लिटर आणि ती सोय नसलेल्या शहरांसाठी ७० लिटर असे पाणीपुरवठ्याचे प्रमाण १९९९ च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेत गृहीत धरलेले होते. जलकुंभातून सुटणारे एकूण पाणी लोकसंख्येने भागले तर अनेकदा हे प्रमाण कागदावर पूर्ण झालेले दिसते. परंतु सरासरीने कोणाची घागर भरत नाही. टाकीजवळच्या वस्तीत अंगणे धुतली जातात, आणि जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला, बहुधा गावाच्या उंचवट्यावर वा नव्याने वाढलेल्या वस्तीत, नळातून केवळ हवा येते. मधल्या मार्गावर काही घरांनी नळाला थेट विजेची मोटार जोडलेली असते. ती पाणी ओढून घेते. शिवाय दाब कमी झाल्यामुळे फुटक्या नळीतून गटाराचे पाणी आत शिरण्याचा धोका निर्माण होतो. हा केवळ अन्यायाचा नव्हे, काविळीचा आणि अतिसाराचा प्रश्न आहे.

म्हणून पाण्याची फेरी नेहमी शेवटच्या नळापासून सुरू करावी. तेथे पाणी किती वाजता आले, किती वेळ राहिले, आणि त्यात क्लोरीन आहे काय, एवढे तीन प्रश्न पुरेसे आहेत. ग्राहकाच्या नळाशी पोहोचलेल्या पाण्यात दर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावे, असे भारतीय मानक आहे. ओ. टी. चाचणी कोणत्याही शाळेच्या प्रयोगशाळेत करता येण्याइतकी सोपी आहे. द्रावणाचे थेंब टाकताच पाण्याला पिवळी छटा येते की नाही, एवढेच पाहावयाचे असते. या कामी विज्ञानशिक्षकांचे साहाय्य घेता येईल. निरनिराळ्या वस्त्यांतून विद्यार्थ्यांनी आपल्या घरच्या पाण्याचे नमुने आणले, तर शहराचा पाणीपुरवठ्याचा नकाशा एका तासात फळ्यावर उभा राहतो. पाणी सोडणारा कर्मचारी हा या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत जाणकार मनुष्य असतो. कोणता व्हॉल्व्ह अर्धाच फिरतो, हे त्याला ठाऊक असते. त्याला विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

सफाई कामगारांच्या हजेरीच्या ठिकाणी आठवड्यातून एकदा तरी नगराध्यक्ष दिसावयास हवेत. हजेरीपटावरील नावे आणि प्रत्यक्ष उभी असलेली माणसे यांचा मेळ बसतो काय, हातमोजे व गमबूट खरेदीच्या देयकात आहेत की कामगारांच्या अंगावर, कंत्राटी कामगारांना वेतन वेळेवर व पुरे मिळते काय, हे तेथेच समजते. मैला वाहून नेण्याच्या प्रथेस बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटारात वा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरविणे हा गुन्हा ठरविला आहे. तरीही एखादे तुंबलेले मलकुंड 'लवकर मोकळे करा' असा तोंडी निरोप वरून येतो आणि खाली माणूस उतरतो. असा निरोप आपल्या कार्यालयातून गेला नाही, याची खात्री करून घेणे हे नगराध्यक्षांच्या देखरेखीचेच काम आहे.

आठवडे बाजाराचा दिवस हा नगरपरिषदेच्या उत्पन्नाचा दिवस, एवढीच दृष्टी पुष्कळ ठिकाणी असते. नगरपरिषदांच्या हद्दीतील जकात १९९९ मध्ये रद्द झाल्यानंतर शासनाच्या सहायक अनुदानावरील त्यांचे अवलंबित्व वाढले आणि स्वतःच्या उत्पन्नाच्या बाबी मोजक्याच उरल्या. त्यामुळे बाजार वसुलीचे महत्त्व समजण्यासारखे आहे. परंतु बाजारात बसणारी भाजीवाली बहुधा शेजारच्या खेड्यातून आलेली असते. नगरपरिषदेच्या निवडणुकीत तिचे मत नाही. ठेकेदाराने ठरलेल्या दरापेक्षा अधिक पैसे घेतले किंवा पावती दिली नाही, तर तिची दाद घेणारा नगरसेवक नसतो. सकाळपासून सायंकाळपर्यंत बसणाऱ्या या स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आहे काय आणि त्याला कुलूप तर नाही ना, हा प्रश्न सभेत क्वचितच निघतो. बाजाराच्या फेरीत पावतीपुस्तक मागवून पाहणे आणि मंजूर दरांचा फलक मोठ्या अक्षरांत लावून घेणे, ही दोन कामे नगराध्यक्षांना करता येतात. त्यांना खर्चही फारसा नाही.

हेच कचरा आगाराविषयी म्हणता येईल. शहराचा कचरा अनेकदा खेड्याच्या शिवेवर पडतो आणि शहराचे सांडपाणी ओढ्याने पुढच्या गावाला जाते. त्या गावच्या सरपंचांशी महिन्यातून एकदा प्रत्यक्ष बोलणे हा नगराध्यक्षांच्या कार्यक्रमाचा भाग असावा. पत्रव्यवहाराने हा प्रश्न सुटल्याचे उदाहरण विरळाच.

यानंतर समारंभ. उद्घाटने, जयंत्या, क्रीडास्पर्धांची पारितोषिके, शाळांची स्नेहसंमेलने, गणेशोत्सवाचे मंडप, विवाहसमारंभ, अंत्ययात्रा. लहान शहरात यांतील कोणतेही निमंत्रण टाळणे अवघड असते. ते सर्वस्वी निरर्थकही नाही. ज्या घरी नगराध्यक्ष सांत्वनाला जातात, त्या घराचा माणूस पुढे मालमत्ता कराची तक्रार घेऊन निर्भयपणे कार्यालयात येतो. तथापि, फीत कापण्यात आठवडा संपतो आणि पाण्याची फेरी पुढच्या आठवड्यावर जाते, हा अनुभवही सार्वत्रिक आहे. नगरपालिकेचा वेळ आणि पैसा समारंभावर किती जावा, हा वाद जुना आहे. महात्मा जोतीराव फुले हे पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेने खर्च करण्याचे ठरविले. त्या खर्चाला १८८० मध्ये फुले यांनी विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते.

सभेने केलेला ठराव आणि रस्त्यावर आलेला ठराव यांत किती अंतर असू शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण कोकणातील महाडचे आहे. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा व दवाखाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या वर्गांना खुले करावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरबानाना टिपणीस हे या कार्याचे खंदे पुरस्कर्ते होते. पण तीन वर्षे गेली, आणि ज्यांच्यासाठी तो ठराव होता त्यांपैकी कोणालाही तळ्याचे पाणी घेता आले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सहस्रावधी अनुयायांसह तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले, तेव्हा कागदावरील हक्क प्रथम वापरला गेला. त्यानंतर परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले, तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले, आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला मूळ ठरावच मागे घेतला. न्यायालयातील लढा १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयाने संपला. एका ठरावाला सत्यात येण्यास किती वर्षे, किती माणसे आणि किती रक्त लागले, हे त्या तारखाच सांगतात. आजही एखाद्या शहरात कोणती वस्ती जलवाहिनीच्या टोकाला आहे, हे पाहिले तर तिचे सामाजिक स्थानही पुष्कळदा कळते.

नगराध्यक्षांची निवड कोणी करावी, याविषयी राज्याचे धोरण अनेकदा बदलले आहे. १९७४ मध्ये ही निवड थेट मतदारांनी केली. पुढे ती नगरसेवकांकडे गेली. २००१ आणि २०१६ मध्ये पुन्हा थेट निवडणूक झाली, २०२० मध्ये ती पद्धत बंद करण्यात आली आणि २०२२ मध्ये पुन्हा स्वीकारण्यात आली. थेट निवडून आलेल्या अध्यक्षांची बांधिलकी साऱ्या शहराशी असते, हा तिचा लाभ; सभेत बहुमत दुसऱ्या पक्षाचे असले की कामे अडतात, हा तोटा. अशा वेळी फेरीचे महत्त्व वाढते, कारण शेवटच्या नळावर दोन्ही पक्षांचे नगरसेवक बरोबर नेले तर निदान वस्तुस्थितीविषयी वाद राहत नाही.

२०११ मध्ये झालेल्या सुधारणेने महाराष्ट्रातील स्थानिक संस्थांत महिलांचे आरक्षण पन्नास टक्क्यांवर नेले. त्यामुळे नगराध्यक्षपदी महिला मोठ्या संख्येने आल्या. काही ठिकाणी मात्र सही अध्यक्षांची आणि फेरी त्यांच्या यजमानांची, असा प्रकार दिसतो. अधिकाऱ्यांनी येथे ठाम राहिले पाहिजे. फेरीचा अहवाल निवडून आलेल्या व्यक्तीकडूनच स्वीकारावा आणि चर्चा तिच्याशीच करावी. त्यासाठी वेगळ्या शासननिर्णयाची आवश्यकता नाही. पाण्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या स्त्रिया अध्यक्षबाईंशी जे बोलतील, ते दुसऱ्या कोणाशी बोलणार नाहीत.

राज्यातील अनेक नगरपरिषदांची मुदत २०२१-२२ च्या सुमारास संपली. आरक्षणाच्या प्रश्नावरील न्यायालयीन प्रकरणांमुळे निवडणुका लांबल्या आणि तेथील कारभार दीर्घकाळ प्रशासकांकडे राहिला. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका होऊन नवे अध्यक्ष व सदस्य आले. मधल्या काळात दप्तर चालू होते. फेरी मात्र बहुतेक ठिकाणी खंडित झाली होती. ती पुन्हा सुरू करताना पहिल्या आठवड्यात चार गोष्टी मागवून घ्याव्यात: नळजोडण्यांची नोंदवही, सफाई कामगारांचा हजेरीपट, बाजार वसुलीची पावतीपुस्तके आणि मागील सभांतील ठरावांची अंमलबजावणी नोंद. त्या घेऊन पहाटे शेवटच्या नळाशी जावे आणि तेथून टाकीच्या दिशेने चालत यावे.