चिखलणी, जमीन आणि पोत्यातली कणी

आमच्या देऊळगाव राजाची काळी जमीन ज्वारी-कापसाची आणि हल्ली सोयाबीनची, भाताची नव्हे. तांदूळ आमच्याकडे पोत्यातून येतो. गेल्या वर्षीच्या पोत्यात कणी फार निघाली. सूनबाईंनी वाण्याला दोष दिला, वाण्याने गिरणीला. आम्हांस वाटले, गिरणीच्याही मागे जाऊन शेतात पाहावे. दिवाळीनंतर कर्जत तालुक्यात सूनबाईंच्या माहेरी जाणे झाले, तेव्हा ती संधी आली.

व्याह्यांचे कुटुंब एकत्र. परंतु शेतीच्या प्रश्नावर घरात दोन तट. चिखलणीवाचून भात ही कल्पनाच व्याह्यांस मान्य नाही. त्यांच्या धाकट्या बंधूंनी मात्र शेजारच्या खाचरात नांगर घालणेच सोडले आहे.

कोकणाबाहेरील वाचकांसाठी सांगावयाचे, तर खाचरात पाणी कोंडून माती नांगराने कालवणे म्हणजे चिखलणी. मातीचे सूक्ष्म कण खाली बसून छिद्रे बुजवितात, पाणी टिकते, गवत गुदमरते आणि रोप सहज रुजते. तेव्हा व्याह्यांचा पक्ष पोकळ नव्हे. मात्र या कालवण्यात मातीची नैसर्गिक कणरचना मोडते, आणि वर्षानुवर्षे नांगराच्या तळाशी एक कठीण थर बसत जातो. भाताला तो सोयीचाच. परंतु पाणी ओसरले की जमीन भेगाळते, ढेकळे पडतात, आणि मागाहून पेरलेल्या वालाच्या मुळ्या त्या थरावर अडतात.

धाकट्यांची रीत नेरळच्या सगुणा बागेत श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनी रूढ केलेली. गादीवाफे एकदाच करावयाचे. लोखंडी साच्याने 25 सेंटिमीटरांवर छिद्रे पाडून त्यांत बी टोकावयाचे. राब नाही, लावणी नाही. कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजू द्यावयाची. आम्ही दोन्ही खाचरांत कुदळ घालून पाहिली. एकीकडे माती हातात भुसभुशीत सुटली आणि गांडुळे निघाली. दुसरीकडे वीतभर खाली कुदळ खणकन वाजली. मात्र नांगर नाही म्हणजे गवत आले, आणि गवतासाठी तणनाशक आले. हे आम्हांस खटकले. पहिल्या वर्षी तर गवतानेच बाजी मारली होती, आणि पंक्तीला बसले की व्याही आजही तो विषय काढतात!

आता कणीचा प्रश्न. न नांगरल्याने भात रुचकर होतो असे कोणी सांगू लागल्यास आम्ही मान डोलावणार नाही. चव आणि सुवास हे मुख्यतः वाणाचे गुण. कणी होते ती दाण्यास चीर गेल्यामुळे. पिकलेला दाणा उभ्या पिकात दिवसा उन्हाने वाळतो, रात्री दवाने भिजतो, आणि आतून तडकतो. गिरणी फक्त तुकडे वेगळे करते. म्हणून दाण्यात शेकडा 20 ते 22 ओलावा असतानाच विळा लावावा, आणि सावकाश वाळवून 14 वर आणावे.

मशागतीचा संबंध येतो तो येथे. खाचर सपाट नसले, की उंचवट्यावरचे भात आधी पिकते, पाणथळ कोपऱ्यातले मागून. हिरव्यासाठी थांबावे तर पिकलेले तडकते. घाई करावी तर हिरवट, पांढऱ्या पोटाचे दाणे पदरी पडतात. शिवाय परतीच्या पावसात चिखलणीच्या खाचरातले पाणी लवकर हटत नाही आणि कापणी लांबते. गादीवाफ्यावरून ते सरीत उतरते. उलट, व्याह्यांसारखी फळी फिरवून खाचर आरशासारखे सपाट करणारा शेतकरी चिखलणीतही उत्तम दाणा काढतो, हेही तितकेच खरे.

संस्कृतातल्या ‘कृषिपराशरा’त नांगरणीची प्रत ऋतूवरून लावली आहे, आणि पावसाळ्यातली नांगरणी सर्वांत हीन ठरविली आहे. हे आम्ही ओटीवर सांगताच धाकट्यांनी टाळी दिली. पराशरांनी कोकणातला पाऊस पाहिला नसावा, असे व्याही म्हणाले.

दोन्ही खाचरांतला तांदूळ वेगवेगळा सडून पाठवावा, असे सांगून आलो आहोत. चाळणी सूनबाईंच्या हाती राहील. मात्र कोणते पोते वडिलांचे आणि कोणते काकांचे, हे त्यांस आधी कळू द्यावयाचे नाही, असे ठरले आहे.