साल्मोनेला अगोना : दुर्मिळ जिवाणूचा धडा

दूषित अन्नातून होणाऱ्या आजारांमध्ये साल्मोनेला या जिवाणूचा वाटा मोठा आहे. पृष्ठभागावरील प्रतिजनांच्या भेदानुसार त्याचे २,५०० हून अधिक प्रकार (सेरोव्हार) ओळखले गेले आहेत. त्यांपैकी मोजकेच प्रकार बहुसंख्य रुग्णांमध्ये आढळतात. तथापि, दुर्मिळ प्रकारांकडे दुर्लक्ष करणे किती महाग पडते, हे ‘अगोना’ या प्रकाराने दाखवून दिले आहे.

१९५२ मध्ये घानात प्रथम आढळलेला हा प्रकार पुढे अनेक वर्षे क्वचितच दिसे. १९७० च्या सुमारास मात्र अमेरिका, ब्रिटन आदी देशांत त्याचे रुग्ण एकाएकी वाढले. १९७२ मध्ये अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातील उद्रेकाचा माग कुक्कुटपालन केंद्रापर्यंत आणि तेथून पेरू देशातून आयात केलेल्या मासळीच्या भुकटीपर्यंत पोहोचला. कोंबड्यांच्या खाद्यातून जिवाणू माणसाच्या ताटात आला होता.

कोरड्या पदार्थांत हा जिवाणू वाढत नाही. पण दीर्घकाळ तग धरतो. १९९८ मध्ये अमेरिकेत न्याहारीच्या तयार धान्यपदार्थातून दोनशेहून अधिक लोक आजारी पडले. दहा वर्षांनी, २००८ मध्ये, त्याच कारखान्याच्या उत्पादनातून तोच वाण पुन्हा बाहेर पडला. फ्रान्समध्येही २००५ आणि २०१७ मध्ये एकाच कारखान्यातील दूध भुकटीमुळे तान्ही बालके आजारी झाली.

असे उद्रेक उघड कसे होतात? नेहमीच्या प्रकाराचे वीस-पंचवीस रुग्ण एकूण आकडेवारीत हरवून जातात. दुर्मिळ प्रकाराचे तेवढेच रुग्ण मात्र लगेच नजरेत भरतात. परंतु त्यासाठी रुग्णाच्या नमुन्यातील जिवाणूचा नेमका प्रकार तपासला गेला पाहिजे. आपल्या देशात कसौली येथील केंद्रीय संशोधन संस्थेत ही सोय आहे. मात्र नमुना प्रयोगशाळेपर्यंत पोहोचलाच नाही, तर ती निरुपयोगी ठरते.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मुळे कायदेशीर चौकट उभी राहिली आहे. तिला पशुखाद्याची तपासणी, कारखान्यांतील कोरड्या स्वच्छतेची शिस्त आणि जिल्हा पातळीवरील नमुना संकलन यांची जोड हवी. घरोघरी मांस व अंडी पूर्ण शिजवणे आणि बाळाची दूध भुकटी उकळून किंचित निववलेल्या, किमान ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात कालवून, कोमट झाल्यावर लगेच पाजणे, एवढी दक्षताही अनेक बालकांना या आजारापासून वाचवू शकेल.