चोवीस तास आणि राजूर घाट

समजा, रात्रीचे अकरा वाजलेत. मलकापूरच्या फलाटावरून एक गाडी नुकतीच सुटली आहे आणि पाण्याच्या नळापाशी दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा बसलाय. पायात चपला नाहीत, जवळ पिशवी नाही. नाव विचारलं तर सांगतो, गाव विचारलं की गप्प. रेल्वे सुरक्षा दलाचा जवान त्याला चहा-बिस्कीट देतो आणि फोन लावतो. तिथून एक घड्याळ सुरू होतं. बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ३१ सांगतं की अशा मुलाला २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करायचं. त्यात एकच सूट आहे. प्रवासाला लागणारा वेळ मोजायचा नाही.

ही सूट दिल्लीत लिहिली गेली, पण तिचा अर्थ बुलढाणेकराला समजावून सांगावा लागत नाही. आपल्या जिल्ह्याचे तेरा तालुके, पण बोलण्यात दोनच मुलूख: घाटावर आणि घाटाखाली. रेल्वे घाटाखाली. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्टेशनं तिकडची आणि तीही भुसावळ विभागाची. बुलढाणा घाटावर, जिल्ह्याचं ठिकाण असूनही रेल्वेविना. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाच्या गर्दीत चुकलेलं मूल असो की घरून पळून आलेलं, ते सापडतं बहुधा रुळांच्या आसपास आणि त्याच्याबद्दलचे कागद राजूर घाट चढून वर येतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या संग्रामपूर, जळगाव जामोद तालुक्यांतून निघालेल्या माणसाचा तर जाण्यायेण्यात दिवस मोडतो.

ज्या बाल संरक्षण यंत्रणेची ही ओळख करून द्यायची आहे, तिला एक इमारत नाही, एक साहेब नाही. शाळेसाठी मूल म्हणजे पटावरचं नाव, पोलिसांसाठी मिसिंगची नोंद, दवाखान्यासाठी केसपेपर, ग्रामपंचायतीसाठी जन्माचा दाखला. प्रत्येकाकडे त्याचा एकेक तुकडा असतो. मूल निसटतं ते दोन खात्यांच्या मधल्या फटीतून. ती फट बुजवण्यासाठी कायद्यानं जे बसवलं, त्याच्या मधोमध आहे बाल कल्याण समिती.

एक अध्यक्ष आणि चार सदस्य. त्यात किमान एक महिला आणि एक बालविषयक तज्ज्ञ हवाच. मुलांचं आरोग्य, शिक्षण किंवा कल्याण या क्षेत्रात किमान सात वर्षं काम केलेली ही माणसं असतात, पण अधिकार प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे. महिन्यातून किमान वीस दिवस बैठक व्हावी असा नियम आहे. समितीनं उंच चौथऱ्यावर बसायचं नाही आणि मुलाच्या व तिच्यामध्ये पिंजरा किंवा कठडा ठेवायचा नाही, हेही नियमांत लिहिलेलं आहे. गुन्हा केल्याचा आरोप असलेलं मूल, सरकारी भाषेत ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’, बाल न्याय मंडळाकडे जातं. समितीकडे येतं ते ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक’. टाकून दिलेलं, हरवलेलं, मारलेलं, राबवलेलं, लग्नाला उभं केलेलं.

समितीचे हातपाय म्हणजे जिल्हा बाल संरक्षण कक्ष. २००९ च्या एकात्मिक बाल संरक्षण योजनेतून ही रचना आली. आता त्याच योजनेचं नाव मिशन वात्सल्य आहे आणि जिल्हा पातळीवरच्या समितीचं अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे. कक्षात संरक्षण अधिकारी, विधी व परिविक्षा अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते, क्षेत्रीय कार्यकर्ते असतात. पोलिसांकडे विशेष बाल पोलीस पथक आणि प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी. मुलाशी बोलताना त्यानं गणवेश घालायचा नाही आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. या सगळ्यांना जागं करणारा नंबर १०९८. मुंबईत १९९६ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून जेरू बिलिमोरिया यांनी ही हेल्पलाइन उभी केली, तीही रस्त्यावरच्या मुलांच्या गरजेतून. पुढे ती देशभर स्वयंसेवी संस्थांमार्फत चालली. २०२३ पासून ती महिला व बाल विकास विभागाकडे आली आणि ११२ च्या आपत्कालीन सेवेला जोडली गेली.

या यंत्रणेतला सगळ्यात बोलका कागद म्हणजे गृहचौकशी अहवाल. मूल आलं की समिती तो मागवते आणि तो पंधरा दिवसांत यावा लागतो. त्याच्या छापील नमुन्यात घरात कोण कोण आहे, कमावतं कोण, शाळा का सुटली, कुणाशी पटतं, घरात मारहाण होते का, असे रकाने असतात. रकाने कुणीही भरू शकतं. चांगला कार्यकर्ता मात्र ओट्यावर टेकतो, पाणी मागतो, शेजारणीशी कापसाच्या भावावर बोलतो आणि मग मुलाचं अंथरूण कुठं पडतं ते बघतो. याच कागदावरून पुढं ठरतं की मूल घरी जाणार, मामाकडे जाणार की बालगृहात. चौकशी चार महिन्यांत संपवायची असते.

गावपातळीवर हीच साखळी वेगळ्या रूपात दिसते. ग्राम बाल संरक्षण समितीचा अध्यक्ष सरपंच आणि सचिव अंगणवाडी सेविका. पोलीस पाटील, मुख्याध्यापक, आशा ताई सोबतीला. या समितीची खरी परीक्षा आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला होते. त्याच दिवशी जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळची घटमांडणी असते. सगळा जिल्हा पाऊसपाण्याचं भाकीत ऐकायला कान टवकारून असतो, आणि तोच मुहूर्त बघून कुठंतरी नववीतल्या मुलीला हळद लावण्याची तयारी चालू असते. राज्यात २० ते २४ वयोगटातल्या २१.९ टक्के महिलांचं लग्न अठराच्या आत झाल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिसलं.

महाराष्ट्रात ग्रामीण भागातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. फोन येतो तेव्हा त्याचं पहिलं काम मांडवात नसतं, शाळेत असतं. दाखल-खारीज रजिस्टर उघडायचं आणि जन्मतारीख बघायची. कायद्यात वयाचा पुरावा म्हणून शाळेचा दाखला पहिला, तो नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. म्हणजे पहिलीत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली एक ओळ दहा वर्षांनी त्या मुलीसाठी ढाल होते. मग वडिलांकडून हमीपत्र घ्यायचं आणि मुलीला समितीपुढे न्यायचं. ‘पत्रिका वाटल्या साहेब, आचाऱ्याला इसार दिला, आता कसं करावं?’ या प्रश्नाचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही. ते देतात पोलीस पाटील आणि आत्याबाई. सरपंच त्याच भावकीतला असला की काय होतं, हेही गावाला माहीत असतं.

या साखळीचा एखादा दुवा गप्प बसला तर काय होतं, ते जिल्ह्यानं २०१६ च्या दिवाळीच्या दिवसांत पाहिलं. खामगाव तालुक्यातल्या एका निवासी आश्रमशाळेत मुलींवर झालेले अत्याचार उघडकीला आले, ते मुली सुटीत घरी गेल्यावर. अटका झाल्या, विशेष तपास पथक नेमलं गेलं, शाळेची मान्यता गेली. शाळेचं नाव इथे लिहीत नाही. पीडित मुलाची ओळख पटेल असं नाव, गाव, शाळा छापू नये असं कायदाच बजावतो. सांगायचं ते एवढंच की वसतिगृह होतं, अधीक्षक होते, तपासणीचे शेरे होते. सांगता येईल असं माणूस मात्र त्या मुलींना घरीच भेटलं.

लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यानं, म्हणजे आपण बोलताना ज्याला ‘पोक्सो’ म्हणतो त्यानं, हे गप्प बसणंच गुन्हा ठरवलंय. ज्याला कळलं त्यानं कळवायचं. संस्थेच्या प्रमुखानं लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद. पोलिसांनी २४ तासांत विशेष न्यायालयाला आणि बाल कल्याण समितीला माहिती द्यायची. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, साध्या कपड्यांत घ्यायचा. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनं करायची. समिती एक ‘सहायक व्यक्ती’ नेमू शकते. ठाणं, दवाखाना, कोर्ट अशी शेवटपर्यंत ती सोबत राहते. भरपाईसाठी राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे आणि तिचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. या तरतुदींमागचा हेतू घरातल्या बायकांना न सांगता कळतो. जे एकदा सांगताना जीव जातो, ते त्या लेकरानं सात टेबलांवर सात वेळा सांगू नये.

यंत्रणेचं दुसरं काम मोठ्या बातमीत येत नाही. मूल घरातून निघूच नये म्हणून घराला टेकू देण्याचं ते काम. बाप गेला, आई मजुरीला जाते, अशा घराला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून एका मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्वातून ४,००० रुपये. शेतकरी आत्महत्यांचं दुःख पाहिलेल्या या जिल्ह्यात त्या रकमेचा अर्थ वही, गणवेश आणि एसटीचा पास. कोरोनात आई-बाप गमावलेली मुलं शोधण्यासाठी मे २०२१ मध्ये राज्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली कृती दलं बसली, तेव्हा आरोग्य विभागाच्या मृत्यूच्या याद्या आणि अंगणवाडीताईंची घरभेट या गोष्टी एकमेकींसमोर ठेवल्या गेल्या. यादीत मृताचं नाव होतं. त्याला लेकरं किती, हे ताईला माहीत होतं.

दुबळे सांधेही लपलेले नाहीत. कक्षातली माणसं कंत्राटी, त्यामुळे चार गावं ओळखीची होईपर्यंत माणूस दुसरीकडे. अंगणवाडी सेविकेच्या माथी पोषण आहार, सर्वेक्षण, मोबाइलमधली नोंद आणि त्यावर हे. एका खात्याचं पत्र दुसऱ्या खात्याच्या आवकात पडून राहिलं की कायद्यातल्या २४ तासांना अर्थ उरत नाही. समन्वय हा शब्द बैठकीच्या इतिवृत्तात शोभतो. प्रत्यक्षात तो रात्री उचललेला फोन असतो.

मलकापूरचा तो मुलगा आठवा. दोन-तीन दिवसांनी, समुपदेशकाशी कॅरम खेळताना, तो गावाचं खरं नाव सांगून टाकतो आणि ते गाव निघतं दुसऱ्याच राज्यात. मग तिथल्या समितीशी पत्रव्यवहार, तिथली गृहचौकशी, घरी धोका नाही ना याची खात्री. हे सगळं जुळलं की फाइल काखेत धरलेल्या एका माणसासोबत तो पुन्हा राजूर घाट उतरतो, त्याच स्टेशनाकडे. या खेपेला पायात चपला असतात, खिशात तिकीट असतं आणि उतरायच्या गावी कुणीतरी घ्यायला येणार असतं. निदान फाइलीत तसं लिहिलेलं असतं. तिथल्या कुणी ते पत्र उघडलंय का, हे गाडी पोहोचल्यावरच कळतं.