उन्हावर तोललेली दुर्बीण

अंतराळातल्या दुर्बिणीला मान वळवायची असेल, तर ती रेटा कशाला देणार? पायाखाली जमीन नाही, भोवती हवा नाही. वायूचे झोत सोडून वळता येतं, पण त्याला इंधन लागतं आणि ते मोजकंच असतं. म्हणून दुर्बिणीच्या पोटात जड चाकं बसवतात. मोटरने चाक एका दिशेला फिरवलं, की अख्खं यान हळूहळू उलट दिशेला वळतं. फिरत्या खुर्चीत पाय उचलून बसा आणि दोन्ही हात झटकन डावीकडे न्या. खुर्ची उजवीकडे सरकते, तसंच. वीज सौरपट्ट्यांतून मिळते, त्यामुळे इंधनाचा थेंबही खर्च होत नाही.

नासाने मार्च २००९ मध्ये सोडलेल्या केप्लर दुर्बिणीत अशी चार चाकं होती. तीन अक्षांसाठी तीन आणि एक राखीव. हंस तारकासमूहाजवळच्या आकाशाच्या एकाच तुकड्यावर ती वर्षानुवर्षं नजर रोखून होती. ग्रह ताऱ्यासमोरून गेला, की ताऱ्याचा प्रकाश किंचित घटतो. सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून पृथ्वीएवढा ग्रह गेला, तर ही घट साधारण बारा हजारांत एक भाग. इतकं बारीक मोजायचं, तर नजर जराही हलून चालत नाही.

जुलै २०१२ मध्ये एक चाक बंद पडलं, मे २०१३ मध्ये दुसरं. उरलेल्या दोन चाकांवर दोनच अक्ष सांभाळता येत होते. तिसऱ्या अक्षाभोवती यानाला कलंडवत होतं ते ऊन! प्रकाशाला वस्तुमान नसलं तरी संवेग असतो. तो ज्यावर पडतो त्याला ढकलतो. पृथ्वीच्या अंतरावर एका चौरस मीटरवरचा हा रेटा न्यूटनच्या काही दशलक्षांश भागांएवढाच. पण त्याला अडवणारं तिथे काहीच नाही, म्हणून तो साठत जातो. धूमकेतूंची शेपटी सूर्यकिरणांच्या रेट्याने मागे ढकलली जात असावी, असं १६१९ मध्ये लिहिणारा खगोलज्ञ योहानेस केप्लरच होता.

अभियंत्यांनी या उपद्रवालाच कामाला लावलं, आणि मला ही त्या मोहिमेची सर्वांत मोठी करामत वाटते. सौरपट्ट्यांच्या दोन्ही बाजूंवर सारखंच ऊन पडेल असं यान धरलं, की दोन्हीकडचे रेटे एकमेकांना तोलतात. तोल ढळू लागला, की दर काही तासांनी झोताचा एक छोटा फटकारा पुरे.

अट एकच होती: यानाने सूर्याभोवतीच्या स्वतःच्या कक्षेच्या प्रतलातच बघायचं आणि दुर्बिणीत ऊन शिरण्याआधी, म्हणजे सुमारे ८० दिवसांनी, जागा बदलायची. म्हणजे आपल्या राशी-नक्षत्रांचाच पट्टा! कृत्तिका, पुष्य असं करत २०१४ पासून ऑक्टोबर २०१८ मध्ये इंधन संपेपर्यंत केप्लर तो धुंडाळत राहिली. कुंभ राशीतल्या ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याच्या सातव्या ग्रहाचं वर्ष किती दिवसांचं, हे तोवर नक्की ठरलेलं नव्हतं. इतर सहा ग्रहांच्या फेऱ्यांवरून बांधलेला अंदाज केप्लरच्या नोंदींनी पक्का केला: १८.७७ दिवस.