गंज आतून का खातो?

डोंगरकडा हे हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी तालुक्यातले, नांदेड–हिंगोली रस्त्यावरचे गाव. आसपास केळीच्या बागा आहेत. इथल्या बसथांब्यावर थोडा वेळ उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्या मोटारींचे नंबर वाचा. हिंगोलीच्या एमएच-३८, नांदेडच्या एमएच-२६ आणि परभणीच्या एमएच-२२ या गाड्या दिसतीलच. (हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, म्हणून त्यापूर्वी नोंदलेली इथली मोटारही एमएच-२२ चीच.) पण मधूनच एखादी जुनी गाडी एमएच-०१ किंवा एमएच-०४ असा नंबर मिरवीत जाईल. ती मुंबईत किंवा ठाण्यात नोंदलेली. राज्यातल्या राज्यात मालक बदलला तरी नंबर तोच राहतो. त्यामुळे गाडीने आपले पहिले दिवस कोणत्या हवेत काढले असावेत, याचा हा एक धागा हाती लागतो.

समजा, तुमच्या घरी जुनी मोटार घ्यायचे चालले आहे. दोन गाड्या पसंत पडल्या आहेत. दोन्ही मारुती ८००, एकाच सालच्या, किंमतही सारखीच. एक जन्मभर हिंगोलीत फिरलेली, दुसरी मुंबईत समुद्रालगतच्या रस्त्यावर उभी राहिलेली. वडीलमंडळी इंजिनाचा आवाज ऐकतील, टायर दाबून पाहतील. ते योग्यच आहे. परंतु इंजिन दुरुस्त होते, टायर बदलता येतात. पत्रा सडला तर मात्र गाडीच सडली. जुन्या जीपला खाली स्वतंत्र जाड चासी असते, पत्र्याचा डोलारा तिच्यावर नुसता बसवलेला असतो. मारुती ८०० ला किंवा प्रीमियर पद्मिनीला अशी वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडाच सगळे वजन पेलतो. चाकांचे आधार त्यालाच जोडलेले आणि आसनाचे पट्टेही त्यालाच अडकवलेले. हा पत्रा बहुतेक ठिकाणी एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. मग गंज नेमका कुठे लागतो, हे कळणे घरच्यांच्या जिवाच्या दृष्टीने महत्त्वाचे नाही का?

लोखंड गंजण्यासाठी पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात, हे तीन परीक्षानळ्यांत खिळे ठेवून तुम्ही शाळेत पाहिले असेल. त्यावरून कुणालाही वाटेल, की जिथे हवा भरपूर तिथे गंज जास्त. प्रत्यक्षात गोष्ट उलटी आहे, आणि इथेच या विषयाची खरी गंमत आहे.

केंब्रिज येथील शास्त्रज्ञ यू. आर. इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात एक अगदी साधा प्रयोग केला. तो तुमच्या प्रयोगशाळेतही होतो. १०० मिलिलिटर पाण्यात ३ ग्रॅम मीठ, सुमारे ०.१ ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाइड आणि फिनॉल्फ्थॅलीनचे काही थेंब घाला. (या द्रावणात आम्ल मात्र मुळीच मिसळू नका, आणि प्रयोग शिक्षकांसमोरच करा.) लोखंडाचा साधा, जस्त न चढवलेला तुकडा पॉलिशकागदाने लख्ख घासून त्यावर या द्रावणाचा एक मोठा थेंब ठेवा. काही मिनिटांत थेंबाचा मध्य निळा आणि कडा गुलाबी होईल. निळा रंग सांगतो, की इथे लोखंड विरघळून त्याचे आयन पाण्यात उतरत आहेत. गुलाबी रंग सांगतो, की इथे अल्क तयार होत आहे.

असे का झाले? थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ असतो, म्हणून हवेतला प्राणवायू तिथे सहज पोचतो. मध्यभागी थर जाड, तिथे प्राणवायूची टंचाई. मधल्या भागातले लोखंड इलेक्ट्रॉन सोडून विरघळते. ते इलेक्ट्रॉन धातूतूनच वाहत कडेला जातात आणि तिथे प्राणवायू व पाणी त्यांना स्वीकारून हायड्रॉक्सिल आयन बनवतात. शिक्षक पहिल्या जागेला धनाग्र आणि दुसरीला ऋणाग्र म्हणतील. थेंबभर पाण्यात हा चक्क एक विद्युत्-घट चालू आहे! थोड्या वेळाने तपकिरी गंज दिसू लागतो, पण तो मधल्या आणि कडेच्या भागांच्या सीमेवर, जिथे दोन्हीकडचे आयन भेटतात तिथे. खड्डा पडतो एकीकडे, गंज साचतो दुसरीकडे. प्राणवायू कडेला हजर असतो, आणि जीव जातो तो मध्यभागाचा.

आता थेंबाच्या जागी काळ्या मातीचा गोळा घ्या. पावसाळ्यात शेताच्या वाटेने आलेली गाडी मडगार्डच्या आत, चाकाच्या कमानीत किती चिखल घेऊन येते, हे डोंगरकड्याच्या मुलांना सांगायला नको. काळी माती पाणी धरून ठेवते. वरून चिखल वाळलेला दिसतो, पण पत्र्याला चिकटलेला थर दिवसेंदिवस ओला राहतो. त्या थराखाली प्राणवायू कमी, कडेला भरपूर. म्हणजे तीच थेंबाची रचना, फक्त आकाराने मोठी. रंगाखाली शिरलेला ओलावा, दोन पत्रे जिथे एकमेकांवर जोडले आहेत ती फट, पायाखालच्या रबरी मॅटखाली मुरलेले पाणी, या सगळ्या ठिकाणी हेच चालते. म्हणून बॉनेटवरचा उघडा ओरखडा डोळ्यांना खुपतो, पण खरे नुकसान झाकलेल्या जागी होत असते.

आणि मुंबईची गाडी? स्वच्छ लोखंडाला नुसत्या दमट हवेने फारसा त्रास होत नाही. सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली, की मग गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो. मीठ असेल तर हा हिशेबच बदलतो. पावसाळ्यात डब्यातल्या मिठाला पाणी सुटते, ते तुम्ही पाहता. शुद्ध मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला हवेतले पाणी ओढून विरघळते. पण समुद्राच्या तुषारांत मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते सुमारे ३३ टक्क्यांनाच पाणी ओढू लागते. उन्हाळ्यातल्या दुपारा सोडल्या, तर एवढी आर्द्रता आपल्याकडेही बराच काळ असते. शिवाय क्लोराइड आयन गंजाच्या तळाशी, खड्ड्यांत जाऊन बसतात. वरून कितीही पाणी मारले तरी ते सगळे निघत नाहीत. समुद्र डोंगरकड्यापासून चारशे किलोमीटरहून दूर आहे खरा, पण मुंबईची गाडी त्यातले थोडे मीठ सोबत घेऊन येते आणि इथल्या कोरड्या हवेतही तिचे गंजणे पुरते थांबत नाही.

मग हिंगोलीची गाडी घेतली की निश्चिंत? तसेही नाही. केळीला पालाश भरपूर लागते आणि त्यासाठी वापरले जाणारे म्युरिएट ऑफ पोटॅश हे खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. मिठाचा सख्खा भाऊच. खताचे पोते डिकीतून नेताना मूठभर खत मॅटखाली सांडले आणि त्यावर पावसाचे पाणी झिरपले, की समुद्र डिकीत अवतरला! जुनी गाडी पाहताना डिकीतली मॅट उचलून बघावी, ती यासाठी.

गंज आतून वर कसा येतो, त्याचा थोडा हिशेब करू. ५५.८५ ग्रॅम लोखंडाचे आकारमान सुमारे ७.१ घन सेंटिमीटर असते. ते सगळे गंजून लोहाचे ऑक्सिहायड्रॉक्साइड झाले तर ८८.८५ ग्रॅम पदार्थ होतो आणि तो २१ घन सेंटिमीटर जागा मागतो. जवळजवळ तिप्पट! खरा गंज भुसभुशीत असल्यामुळे याहूनही जास्त फुगतो. म्हणून रंगावर फोड येतात आणि जोडलेले पत्रे फाकतात. रंगाला आलेला फोड ही सुरुवात आहे असे समजू नका. पुष्कळदा पलीकडून पत्रा खाऊन झाल्यावरच तो अलीकडे उगवतो.

विकणारा माणूस अशा फोडावर लांबी, म्हणजेच पुट्टी, भरून वरून झकास रंग मारू शकतो. येथे तुमच्या प्रयोगपेटीतला लोहचुंबक कामाला येतो. फडक्यात गुंडाळून तो पत्र्यावरून फिरवा. खाली पोलाद असेल तिथे तो धरेल, जाड लांबी असेल तिथे सुटेल. दरवाज्यांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी आणि दरवाज्यांखालून लांबीला जाणारी पत्र्याची पोकळ पेटी, एवढ्या जागा तरी सोडू नका. मालकाची परवानगी घेऊन पेचकसाच्या मुठीने त्या पेटीवर हलकेच ठोका. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. गाडीखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर मात्र कुणीही शिरू नये. ते काम मिस्त्रींच्या खड्ड्यावर. तिथे त्यांना ब्रेकच्या लोखंडी नळ्या आणि चाकांचे आधार जिथे जोडले आहेत तो पत्रा मुद्दाम पाहायला सांगा. नोंदणीला १५ वर्षे झालेल्या खासगी गाडीची तपासणी होऊन नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवली जाते, पण त्या कागदाने पोकळ पेटीच्या आतले काही कळत नाही. दरवाज्याच्या कडेवरच्या चार फोडांसाठी किंमत कमी करून घ्यावी. चाकांच्या आधाराशीच पत्रा सडला असेल, तर माझ्या मते कितीही स्वस्त मिळाली तरी ती गाडी घेऊ नये.

घेतलेल्या गाडीची निगा फार खर्चाची नाही. प्रत्येक दरवाज्याच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात. मातीने ती बुजतात आणि दरवाजा आतून हौद बनतो. काडीने ती मोकळी करा. पावसाळ्यात चाकांच्या कमानी आतून धुवा. ओल्या गाडीवर ताडपत्री टाकून ठेवू नका, नाहीतर ओल कोंडून राहते. काहीजण तळाला जळके ऑईल फासतात. तेलाने पाणी दूर राहते हे खरे, पण रबरी भाग फुगतात, धूळ चिकटते, आणि ते ब्रेकवर उडाले तर अनर्थ.

लागलेला गंज काढायचा तर सुटा भाग तारेच्या ब्रशने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासावा, धुऊन पूर्ण वाळवावा आणि लगेच प्रायमर द्यावा. (तांबड्या रेड ऑक्साइड प्रायमरला रंग येतो तो लोहाच्या ऑक्साइडचाच, हे ऐकून नवल वाटेल. पण ते आधीच पूर्ण ऑक्सिडीकरण झालेले असते.) भोक पडलेला पत्रा कापून नवा जोडावा लागतो. मात्र वेल्डिंगच्या उष्णतेने आतल्या बाजूचा रंग जळतो, म्हणून त्या पोकळीत आतूनही लेप मारून घ्यायला मिस्त्रींना आठवण करा.

खड्ड्यांत अडकलेल्या गंजासाठी बाजारात जे द्रव मिळतात, त्यांतल्या काहींत टॅनिन असते, काहींत फॉस्फोरिक आम्ल. टॅनिनचे काम घरी पाहता येईल. दोन-तीन हिरडे कुटून पाण्यात उकळा, काढा गाळून त्यात गंजलेला खिळा दोन दिवस ठेवा. तपकिरी गंज निळसर काळा पडेल. हिरड्याच्या काढ्यात लोहाचे क्षार घालून काळा रंग करण्याची जुनी रीत याच रसायनावर चालते. असेच दोन खिळे घ्या, एक आधी घासून सुटा गंज काढलेला, दुसरा तसाच. वाळल्यावर दोन्ही नखाने खरवडून पाहा, कोणाचा काळा थर टिकतो आणि कोणाचा पापुद्र्यासारखा निघून येतो ते वहीत लिहून ठेवा.