मेंदूतल्या बारीक लहरी

फेफरे आलेला माणूस आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. माणूस एकाएकी खाली पडतो, हातपाय झटकतो, तोंडाला फेस येतो. लोक धावतात. कोणी कांदा हुंगवतो, कोणी नाकाशी चप्पल धरतो. कोणी म्हणतो, "बाहेरचं काहीतरी आहे, देवऋष्याकडे न्या." पण हे दुखणे भुताचे नाही आणि कुणाच्या पापाचेही नाही. हा मेंदूतल्या विजेचा बिघाड आहे. ही वीज मोजता येते. कशी, ते पाहू या.

आपल्या मेंदूत अब्जावधी पेशी आहेत. अगदी थोड्या विजेच्या जोरावर त्या एकमेकींना निरोप देतात. बाजारात जो तो आपापले बोलत असतो, तोवर व्यवहार नीट चालतो. पण सगळेच एका तालात ओरडू लागले तर? कुणाचेच काम होणार नाही. फेफरे येते तेव्हा मेंदूत असेच होते. खूप पेशी एकदम उसळतात.

ही वीज किती असते? बॅटरीच्या एका सेलमध्ये दीड व्होल्ट वीज असते. डोक्यावर मिळणारी मेंदूची वीज साधारण त्याच्या तीस हजाराव्या भागाएवढी असते. जर्मनीत येना गावी हान्स बर्गर नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतली ही वीज प्रथम टिपली आणि १९२९ साली ती जगापुढे मांडली. आधी फारसा कुणाचा विश्वास बसला नाही. १९३४ साली इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी तोच प्रयोग करून पाहिला, तेव्हा लोकांना पटले. या तपासणीला ई.ई.जी. म्हणतात. डोक्यावर धातूच्या लहान चकत्या लावतात आणि यंत्र लहरी उमटवते. ही तपासणी दुखत नाही, आणि यंत्र डोक्यात वीज सोडत नाही.

डोळे मिटून स्वस्थ बसले की मेंदूच्या लहरी सेकंदाला आठ ते तेरा वेळा वरखाली होतात. पण काही लहरी फार वेगाच्या असतात. त्या सेकंदाला ८० पासून ५०० वेळा हलतात. शाईने रेघ ओढणाऱ्या जुन्या यंत्रांना हा वेग झेपत नसे. शिवणयंत्राची सुई चालू असताना आपण मधूनच डोळे उघडून पाहिले, तर टाके किती पडले ते कळेल का? तसेच हे. सेकंदाला ५०० वेळा हलणारी लहर टिपायची, तर यंत्राने सेकंदाला निदान हजाराहून अधिक वेळा मोजले पाहिजे. आजची यंत्रे तेवढे मोजतात.

१९९९ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना फेफऱ्याच्या रोग्यांच्या मेंदूत, जिथून फेफरे सुरू होते त्या भागात, अशा अतिवेगाच्या लहरी सापडल्या. म्हणजे बिघाडाचे ठिकाण दाखवणारी एक खूण मिळाली. तिचा उपयोग काय? सुमारे एक तृतीयांश रोग्यांचे फेफरे औषधांनी थांबत नाही. त्यांपैकी काहींच्या मेंदूतला बिघडलेला भाग शस्त्रक्रियेने काढता येतो. पण तो भाग नेमका कळायला हवा. थोडी चूक झाली तर फेफरे राहते, नाहीतर चांगला भाग जातो.

मात्र ही खूण पक्की नाही. कवटीतून या लहरी फार क्षीण होऊन बाहेर येतात. जत्रेच्या गलबल्यात डासाची गुणगुण ऐकावी, तसे हे काम आहे. नुसते दात आवळले तरी स्नायूंची वीज त्यांत मिसळते. म्हणून पुष्कळदा चकत्या कवटीच्या आत बसवून मोजावे लागते. शिवाय निरोगी मेंदूतही अशा काही लहरी असतात. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी या लहरी पाहून शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांचा निष्कर्ष २०२२ साली मांडला. ही रीत जुन्या रीतीच्या तोडीची आहे, असे त्यांत सिद्ध झाले नाही. शोध अजून चालू आहे.

पण सगळ्यांनाच शस्त्रक्रिया लागते असे नाही. योग्य उपचार मिळाले, तर शंभरातल्या सत्तर रोग्यांचे फेफरे थांबू शकते. कुणाला फेफरे आले तर त्याला कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका. घड्याळ पाहा, पाच मिनिटांत फेफरे थांबले नाही तर लगेच दवाखान्यात न्या. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नका. आणि लग्नाची मुलगी आहे म्हणून तिचे दुखणे लपवू नका. लपवलेल्या दुखण्यावर औषध चालत नाही.