अरबी अवघड, पण आपल्या मुलांना किती?

अमेरिकेच्या परराष्ट्र सेवा संस्थेच्या हिशेबाने इंग्रजी बोलणाऱ्याला फारसी शिकायला साधारण ११०० तास लागतात, अरबीला २२००. जालन्यातल्या आपल्या मुलांचं गणित मात्र वेगळं आहे. अक्षरओळख मकतबमध्ये आणि उर्दू शाळेत झालेली असते. फारसीत तर नामाला लिंग नाही, क्रियापदही मराठी-उर्दूसारखं शेवटी.

अरबीचं व्याकरण खरंच कठीण, द्विवचनसुद्धा आहे. पण शब्द ओळखीचे! 'जिल्हा', 'तालुका', 'अर्ज' मूळ अरबीच. किताब, कातिब, मकतब एकाच धातूचे.

आपण कुरआन वाचतो, पण अर्थ कळत नाही, ही खंत बऱ्याच घरांत आहे. वाचता येतंच, आता रोज दोन शब्दांचा अर्थ मुलांसोबत आपणही शिकू या.